तीन सुताची पीन

वडील चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते आणि त्या दिवशी जुन्या कामगारांनाही आत सोडतात. वडील दरवर्षी कासारवाडीहून सायकलने जातात. गेल्या वर्षी मोशीच्या चढाने त्यांना दम लागला, पोचायला उशीर झाला. गेटवर त्यांच्या पाळीतला एक जुना मित्र म्हणाला, "भावा, पुढच्या वर्षी सायकल टेम्पोत घालून आण." त्यावर वडिलांनी चारचौघांत शब्द दिला की पुढच्या वर्षीही सायकलवरच येणार, आणि वेळेत येणार.

या वर्षी नवरात्र बसले आणि सायकलचा डावा पेडल हलू लागला. दोष कॉटरचा होता. पेडलचा दांडा आसाला पक्का धरणारी बोटाच्या पेराएवढी लोखंडी पीन, तिला कॉटर म्हणतात. नव्या सायकलींना ती नसते.

वडिलांनी पीन काढली, रॉकेलने धुतली आणि व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजली. माप कागदावर लिहून आम्ही स्टेशनजवळच्या सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार गावातला जुना माणूस, वडिलांच्याच वयाचा.

"नऊ पॉइंट शून्य आठची पीन पाहिजे," वडील म्हणाले.

"कागूद नगं. पीन दावा, नजरेनं सांगतो."

"नजरेनं माल पास होत नसतो."

"मग व्हर्नियरलाच इचारा की राव," दुकानदार म्हणाला आणि पंक्चर काढू लागला.

वडील पीन न दाखवता बाहेर पडले. थेरगावात डांगे चौकाजवळच्या तीन दुकानांत गेलो. काचेच्या शोरूममधल्या मुलीने कॉटर म्हणजे काय ते विचारले आणि उत्तर ऐकून गिअरच्या सायकलींकडे बोट केले. दुसऱ्या दुकानात पीन होती, पण डबीवर माप नव्हते. वडिलांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. तिसरे दुकान बंद होते.

राहिला मोबाइल. ऑनलाइन दुकानात सहा प्रकारचे कॉटर निघाले आणि प्रत्येकाखाली लांबी, व्यास, धातू लिहिलेले. वडिलांनी चष्मा लावून सगळे वाचले.

"बघ, याला म्हणतात दुकान," ते म्हणाले. त्यांनी नऊ मिलिमीटर निवडले. मी बटण दाबले.

पार्सल अष्टमीच्या संध्याकाळी आले. व्हर्नियर लावला, माप अचूक नऊ. वडिलांनी पीन ठोकून बसवली आणि सोसायटीला एक फेरी मारली. प्रत्येक पेडलला ठक्क असा आवाज येत होता. दुसरी फेरी त्यांनी मारली नाही. पीन काढली, तिला लाल दोरा बांधला, दोऱ्याला चिठ्ठी लावली: 'रिजेक्ट'. आई म्हणाली, "उद्या गाडीतून जा गपचूप." वडील जेवले आणि सायकल पुसत बसले.

खंडेनवमीला सकाळी सात वाजता ते स्वतःच म्हणाले, "चल, त्या नजरवाल्याकडे."

दुकानदार नुकताच पूजा आटोपून उठला होता. पाटावर पाने, हातोडी, कानस, पंप मांडलेले. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुले. वडिलांनी या वेळी कागद काढला नाही. जुनी पीन तळहातावर ठेवून पुढे केली. त्याने ती हातातही घेतली नाही.

"तीन सूत. म्हंजी तुमच्या मापात साडेनऊ मिलिमीटर." मग थांबून म्हणाला, "ही झिजलेली मापली व्हय?"

वडिलांनी होकारार्थी मान हलवली.

"साहेब, पिनीचं माप ऱ्हायलं बाजूला. तुमी झिजंचं माप घेऊन आला हुता."

आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास केलेल्या माणसाची चूक अशी उघड्यावर पडलेली मी प्रथमच पाहिली. वडील पिनीकडे पाहून मोठ्याने हसले.

दुकानदाराने दुधाच्या पावडरीच्या डब्यातून नवी पीन काढली. पण ती कानशीने थोडी घासून बसवावी लागते, आणि तिथे तो अडला. "पूजा झाली. आज हत्याराला हात न्हाई लावायचा. उद्या या."

"अकराला पूजा आहे कंपनीत."

"तुमच्या घरच्या हत्यारांची झाली का पूजा?"

झाली नव्हती. सायकल दुरुस्त झाल्याशिवाय वडिलांनी हत्यारे मांडलीच नव्हती. मी घरी जाऊन कानस, हातोडी, पाना आणि पाइपाचा तुकडा घेऊन आलो.

पुढची वीस मिनिटे दुकानदार हात मागे बांधून उभा होता आणि त्याचे तोंड चालू होते. "सपाट मारा. सपाट! कंपनीत काय श्रीखंड खायला जात हुता का?"

"आयटीआयला सहा महिने नुसती कानस मारलीय मी."

"मंग दिसू द्या की."

दांड्याखाली मी पाइप धरला. वडिलांनी तीन घाव घातले, नट आवळला, पेडल हलवून पाहिला. हलला नाही. दुकानदाराने मान डोलावली. व्हर्नियर घरीच राहिला होता.

मी स्कूटरवरून मागे होतो. भोसरी, मोशी, मग चाकणचा रस्ता. ठक्क आवाज एकदाही आला नाही. मोशीच्या चढावर वडील उतरले नाहीत. पावणेअकराला गेट आले. मित्र तिथेच उभा होता.

"टेम्पो कुठं लावला?"

वडिलांनी सायकल स्टँडला लावली. मित्राने वाकून डावा पेडल दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तोही जुना इन्स्पेक्टर.

"पीन नवी दिसतेय. मापून घेतलीस ना?"

"नाही," वडील घाम पुसत म्हणाले. "नजरेनं पास केली."