उभ्या गाडीचं रबर

मिनीबसमध्ये ओटा नि पलंग बसवून केलेलं आमचं फिरतं घर आज अंगणात एका बाजूला कललेलं दिसलं. वाकून पाहिलं, तर चाकाजवळच्या, धक्के झेलणाऱ्या हवेच्या रबरी फुग्याला भेगा पडल्या होत्या.

या फुग्यांनी आमच्या वाटेवरचे किती खड्डे पोटात घातले! मुक्कामाला पोचलो की हवा सोडत गाडी म्हशीसारखी खाली बसे. मी चहा टाकी, आणि आमचे हे साबणाचं पाणी घेऊन चाकापाशी बसत. फुग्यावर बुडबुडा आला की समजायचं, हवा गळतेय. तोवर चहा गार आणि मी गरम.

"उभ्या गाडीचं रबर आधी जातं गं," ते म्हणत. मला ती भटकायची सबब वाटे. ते गेल्यावर मी गाडी ताडपत्रीखाली जपली. अधूनमधून इंजिन सुरू केलं, पण फाटकाबाहेर काही नेली नाही. मीही फारशी गेले नाही. गुडघे हल्ली कुरकुरतात.

आज फुग्यांत हवा भरायला इंजिन सुरू केलं, आत चहा टाकला आणि साबणाचं पाणी घेऊन मीच चाकापाशी बसले. बुडबुडे येतच राहिले. आत गेले तेव्हा चहा गार झाला होता. रागवायचं कुणावर?