कमलाबाईंचा पाय

"आली पाहा यड्याईची सिस्टर. बस माय, तिकडं शेवटच्या बाकावर."

मेडिसिन ओपीडीच्या दारात शोभा हे बोलली. सगळ्यांसमोर. रांगेतले लोक हसले. शोभा आणि मी अमरावतीला एकत्र नर्सिंग शिकलो. आता अकोल्यात एकाच इस्पितळात आहोत. ती या ओपीडीची इन्चार्ज, मी मनोरुग्ण वॉर्डाची.

माझ्यासोबत अकोटच्या कमलाबाई होत्या, माझ्या वॉर्डातल्या. कानात आवाज येतात म्हणून औषध चालू. औषधानं अंग सुटलेलं. पायाच्या अंगठ्याला जखम, भोवती काळं पडत चाललेलं.

आमचे पेशंट सगळ्यांत शेवटी, ही तिथली रीत. बाकीचे भितात म्हणे. कमलाबाई तर मांजरालाही भीत.

मी बसले. शोभाकडे बघत राहिले. हेवा वाटत होता, आजचा नव्हे, जुना. डॉक्टर तिला विचारून काम करतात. बरे झालेले पेशंट शेंदूरजनाघाटहून तिला संत्री आणून देतात. माझ्या वॉर्डात पेशंटचा सख्खा भाऊही फिरकत नाही. पण त्या दिवशी डाचलं ते वेगळंच. तिची बाई पाय ठणकतो म्हणाली, तर साखर तपासतात. माझी बाई तेच म्हणाली, तर झोपेची गोळी वाढवतात.

रांग संपली. शोभानं पंखा बंद केला.

"डॉक्टर गेले. उद्या आन हिले."

"जखम तर बघ."

"अवं, याइचं सारं डोक्यातच असते."

कमलाबाई हळूच म्हणाल्या, "डोकं वर हाय बाई. दुखते ते खाली."

मी त्यांचा पाय बाकावर घेतला आणि पट्टी सोडली. वास सुटला. शोभानं तोंड फिरवलं.

"डॉक्टरांना बोलाव," मी म्हटलं. "तोवर दार लावू देणार नाही."

"तुई तक्रार करीन मी."

"कर."

मी उंबरठ्यावर बसले. शेवटी तिनं फोन लावला. डॉक्टर चिडून आले, साखर तपासली. ती फार वाढलेली निघाली, तसा त्यांनी लगेच सर्जनला फोन लावला. अंगठा काढावा लागला. पाय राहिला. चार दिवस आधी, पाय ठणकतो म्हणाल्या तेव्हाच, साखर तपासली असती तर अंगठाही राहिला असता.

शोभानं तक्रार केलीच. वरिष्ठांनी मला समज दिली. मी माफी मागितली नाही.

हेवा गेलेला नाही. मी तो घालवणारही नाही. शोभाचा मान मला नको, तिची संत्रीही नकोत. तिच्या पेशंटच्या शब्दावर जसा विश्वास ठेवतात, तसा माझ्या पेशंटच्या शब्दावर ठेवला पाहिजे. तोवर मी दारं अडवीन.