अर्थिंगचं पाणी

दुसरी हार्ड डिस्क जळाली त्या दुपारी सून कम्प्युटरसमोरून उठली, माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाली, "मामाजी, आता आणखी एक जरी गेली ना, तर मी धरमपेठेत खोली घेते. काम तिकडंच नेते."

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मी पाणी प्यायलो. खोली घेते म्हणजे काय, ते मला कळत होतं. आधी काम जाईल. मग रोजचं जाणं-येणं जड होईल. मुलाची कळमेश्वरच्या कारखान्यात पाळीची नोकरी, तो बायको असेल तिकडं झोपायला जाईल. मग एक दिवस म्हणतील, बाबा, तुम्ही पण चला. आणि मी जाणार नाही, हे त्या दोघांना पक्कं माहीत आहे. म्हणजे या घरात उरणार मी आणि माझा कूलर.

सून लग्नाचे अल्बम बनवते. फोटोग्राफर आपापली लग्नं एका चपट्या डबीत भरून आणतात, तिलाच हार्ड डिस्क म्हणतात. ती डबी कम्प्युटरच्या खाचेत वायरीनं जोडायची, फोटो निवडायचे, पानं सजवायची. आता ती खाचच डब्या खाऊ लागली. डबी जोडली की आतून चट् असा बारीक आवाज यायचा आणि संपलं. पहिल्या लग्नाची दुसरी प्रत फोटोग्राफरकडे होती म्हणून निभावलं. दुसऱ्याची हळद कुठेच नव्हती. तो फोनवर म्हणाला, "ताई, आता काय नवरीले पुन्हा हळद लावू का?" सून त्यावर हसली, आणि फोन ठेवून न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तिनं काही कमी केलं नव्हतं. समोरच्या खाचा सोडून मागच्या वापरल्या. वायर बदलली. कम्प्युटरवाल्याला बोलावलं, त्यानं आतला पॉवरचा डबा बदलला. तरी मशीनच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण येतच होती म्हणून तो पूर्ण मशीन दुकानात घेऊन गेला. तिथे त्यानं दिवसभर काय काय जोडलं, एकही गोष्ट जळाली नाही. परत आणून ठेवताना म्हणाला, "काका, मशीन एकदम ओके आहे. तुमच्या घरातच काही आहे. अर्थिंग पाहून घ्या."

माझं डोकं सणकलं. "या घराची वायरिंग कोणी केली, माहीत आहे का तुले?"

"नाही जी."

"मी केली."

"मग तुम्हीच पाहून घ्या ना जी," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

मी चौथी पास. जन्मभर कूलर बनवले. पत्रा कापला, गवताच्या ताट्या बांधल्या, पंप उघडले. या गल्लीतल्या अर्ध्या खिडक्यांत माझ्या हातचे कूलर आहेत. अर्थिंगचा खड्डा मी स्वतः खांद्याइतका खणला होता; त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, खडेमीठ, सगळं रीतसर. आणि हा मला अर्थिंग सांगतो!

पण झिणझिण खोटी नव्हती. कूलर सुरू झाल्यापासून सून सांगत होती, "मामाजी, कम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात."

"चप्पल घालून बस."

"घरात?"

"मग पाटावर पाय ठेव."

ती खरंच देवघरातला पाट आणून त्यावर पाय ठेवून काम करायची. मुलगा पाळीवरून आला की चिडवायचा, "दुसऱ्याइचे लग्न लावता लावता तूच पाटावर बसली का वं?" शेजारीण खिडकीतून विचारायची, "आज कोणती पूजा आहे बाप्पा?" मीही हसलो. मशीनमध्ये खोट आहे म्हणत राहिलो.

कम्प्युटरवाला गेल्यावर सुनेला दाखवून द्यायचं म्हणून मी जुनी टेस्टची बत्ती काढली. होल्डरमध्ये साधा पिवळा बल्ब आणि दोन वायरी, बस. एक वायर फेजमध्ये, एक न्यूट्रलमध्ये: बल्ब लख्ख. मग दुसरी वायर अर्थच्या भोकात घातली; अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब तितकाच लख्ख लागायला हवा. विझत आलेल्या निखाऱ्यासारखी नुसती आतली तार लाल झाली.

"हे असंच असते का?" सुनेनं विचारलं.

"होल्टेज कमी आहे."

तिनं वर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

"बल्ब जुना आहे," मी म्हणालो.

ती उठली, पोर्चमधला बल्ब काढून घेऊन आली. तोही तसाच. मग तिनं मला न विचारता कूलर बंद केला आणि कॅबिनेटवर बोटं टेकवली. "आता कमी आहे. तुम्ही लावून पाहा." मी लावली. तिनं कूलर सुरू केला तसा मी हात झटकन मागे घेतला.

कुठल्याही कूलरचा पंप पाण्यात राहून थोडा करंट सोडतोच. तो मातीत जावा म्हणून तर अर्थिंग असतं. आमची माती घेतच नव्हती. मग तो घरभर अर्थच्या वायरीनं हिंडायचा, कम्प्युटरच्या पत्र्यावर येऊन बसायचा, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी डबी जोडली की तिच्यावर झडप घालायचा.

मी घरामागच्या सांदवाडीत गेलो. खड्डा होता तिथे आता फरशी आहे. बायकोचे गुडघे गेले, मातीत पाय घसरायचा, म्हणून मीच बसवून घेतली होती. चकचकीत, उतार देऊन, पाणी सरळ नालीत. तिनं त्या फरशीवर एकच हिवाळा भांडी घासली. त्यानंतर ती गेली आणि भांडी आत सिंकमध्ये आली.

जन्मभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी टाका, कोरडी माती करंट घेत नाही. स्वतःच्या घरी एक तांब्या टाकला नाही. गरजच पडली नाही. सकाळ-संध्याकाळ तिचं राखेचं, साबणाचं, तांदूळ धुतल्याचं पाणी त्याच जागेवर पडत होतं. माझी वायरिंग इतकी वर्षं तिच्या खरकट्या पाण्यावर चालली होती, आणि लोकांना सांगताना मी माझं नाव सांगत होतो.

सून मागे येऊन उभी राहिली. "दुसरीकडं नवीन खड्डा करू ना, मामाजी. ही फरशी आईंसाठी बसवली होती."

"दुसरीकडं कुठं? पुढं रस्ता, बाजूले भिंत."

"मग?"

"पाहू," म्हणालो आणि आत येऊन पडलो.

पाहू म्हणून मी काहीच केलं नाही. उठावंसंच वाटेना. टेबलावर तिसऱ्या फोटोग्राफरची डबी न जोडता पडून होती, त्याचे फोनावर फोन येत होते. सून म्हणायची, "करून राहिली दादा, होऊन राहिलं." मग एका सकाळी तिचा आवाज ऐकला: "खोलीले खिडकी आहे ना? आणि अर्थिंग बरोबर आहे?" मी अंथरुणातच डोळे मिटून घेतले. मग उठलो, छन्नी आणि हातोडी शोधली.

एकच फरशी फोडली. पहिला घाव घालायला वेळ लागला, पुढे हात आपसूक चालला. खालची माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती. मीठ टाकलं, बादल्या ओतल्या. माती बुडबुडे काढत पीत राहिली. दुपारी बत्ती लावली तर बल्ब नारिंगी. दुसऱ्या दिवशी पांढरा. कूलरचा पंपही काढून नवा बसवला. जुन्यातली तांब्याची तार माझ्या हातची भरलेली होती, तो भंगारात टाकला.

संध्याकाळी सुनेनं डबी हातात घेतली. "लावू का?"

"लाव."

"गेली तर?"

"गेली तर तू पण जाशील. मले माहीत आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, नाही म्हणाली नाही. पायानं पाट बाजूला सारला, तळवे फरशीवर टेकवले, कॅबिनेटवर सबंध पंजा ठेवला. मग डबी जोडली. चट् झालं नाही. निळा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर कोणाची तरी वरात नाचू लागली.

तिनं पाट देवघरात नेऊन ठेवला. खोलीवाल्याला फोन मात्र लगेच केला नाही. बरीच लग्नं त्या खाचेतून सुखरूप गेली, मग काल त्याला सांगताना ऐकलं, "आता नको दादा. पुढच्या उन्हाळ्यात पाहू." पुढच्या उन्हाळ्यात. ठीक आहे.

मी आता माझं ताट त्या फुटक्या फरशीपाशी नेऊन धुतो.

"सिंकमध्ये ठेवा ना मामाजी, मी घासते."

"राहू दे."

"पाण्याचा पाइप लावून देते तिथं."

"राहू दे म्हटलं ना वं."

ती जाते. मी उकिडवा बसून ताट घासतो, पाणी त्या चौकोनात ओततो. ते मुरायला वेळ लागतो. तोवर मी तिथंच बसून राहतो, कारण लगेच उठता येत नाही.