मास्तरांची चाळीस डिझाइनं

कीबोर्डला बोट लावण्याआधी मास्तर प्रत्येक वेळी ते सदऱ्याला पुसायचे. मग एकच अक्षर दाबून पडद्याकडे बघायचे.

"अक्का, काहीच उमटत न्हाय की."

"पासवर्ड दिसत नसतो, मास्तर. टाइप करत राहा."

"दिसत न्हाय तर हाय कशावरून?"

टॉवेलांची डिझाइनं काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आधी ग्राफपेपरवर, मग कॉम्प्युटरवर नुसत्या माउसनं. चौकोन भरला की दिसायचा, दिसला की झाला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आमचा कारखाना बंद झाला. मी तिथलं ऑफिस बघायची. मालक म्हणाले, "मास्तर, तुमची डिझाइनं तुम्ही न्या. दुपारी गिऱ्हाईक कॉम्प्युटर उचलणार आहे." दुसरीकडे मास्तरांना काम मिळत होतं, पण डिझाइनं घेऊन आले तरच. कॉम्प्युटर लिनक्सवर चालणारा, फोल्डर कुलूपबंद, आणि ॲडमिनचा पासवर्ड ठाऊक असलेला ऑपरेटर केव्हाच सोडून गेलेला.

मी नेटवर वाचून नऊ ओळींची यादी केली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, शिफ्ट दाबून धरा, रिकव्हरी निवडा, नवा पासवर्ड द्या, वगैरे.

"तुमी वाचा, मी करतो," म्हणाले, आणि केलं. फोल्डर उघडलं. चाळीसच्या चाळीस.

"म्हंजे आता ह्याचा मालक मी?"

"तुम्हीच."

लाजले चक्क.

आठवी ओळ होती, कट करून पेनड्राइव्हवर टाका. मागे पसारा नको म्हणून कॉपी न लिहिता मी मुद्दाम कट लिहिलं होतं. नववी, पेनड्राइव्ह काढा. मी चहा सांगायला दारापर्यंत गेले. चाळीस नावं दिसली आणि मास्तरांनी पेनड्राइव्ह उपसला. आत फायली उतरणं अजून चालू होतं. थांबा, अशी ओळ माझ्या यादीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी नव्या कारखान्यातून त्यांचा फोन आला. "अक्का, नावं हायत सगळी. आत कायच न्हाय."

गिऱ्हाईकाला विचारलं. त्यानं नेल्या नेल्या कॉम्प्युटर कोरा करून घेतला होता.

"तुमी लिवलं तसंच केलं की मी," मास्तर म्हणाले. "कुटं चुकलो?"

चूक माझी आहे, हे मी तीनदा सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. पुढे ते फोन उचलेनासे झाले.

महिन्याभरानं शुक्रवार पेठेत त्यांच्या घरी गेले. माझ्याकडे त्यांच्या डिझाइनचा एक टॉवेल होता. धागे मोजून निदान तेवढं एक तरी परत उतरवता येईल, म्हणून सोबत ग्राफपेपर घेतला होता. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मास्तर कुर्डुवाडीला मुलीकडे गेले होते.

"कधी येतील?"

"आता तितंच ऱ्हाणार म्हणतात. हितं काय काम हाय त्यास्नी?"

टॉवेल आहेर समजून त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मला हळदीकुंकू लावलं. ग्राफपेपर तसाच घेऊन मी परत निघाले.