आगोटीच्या डब्यातली अळंबी

पनवेलच्या कॉलेजात सुनंदा ठाकूर वनस्पतिशास्त्र शिकवतात, पण मुलं त्यांना अळंबीवाल्या बाईच म्हणतात. रानात कुजकं लाकूड दिसलं की पाय अडलेच. नवरा तर म्हणायचा, हिच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे वाकून चालणं.

आपट्याच्या पलीकडच्या रानात, एका जुन्या किंजळीच्या बुंध्याशी, सुनंदाला एकदा राखाडी-निळी अळंबी मिळाली. मोडली की हळूहळू लाल व्हायची. तिनं अळंबीची छत्री कागदावर पालथी घातली, वर वाटी झाकली. सकाळी कागदावर बीजाणूंचा फिकट गुलाबी ठसा. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, असतील नसतील ती पुस्तकं चाळली, कुठल्याच जातीशी जुळेना. पुण्याच्या एका तज्ज्ञ बाईंना फोटो आणि मापं पाठवली. त्यांनी कळवलं, "नवी जात दिसते. वाळवलेला नमुना पाठवा. संग्रहात नमुना जमा झाल्याशिवाय नाव देता येत नाही."

दुसरी कुणी असती तर लगेच पार्सल करून मोकळी झाली असती. पण सुनंदा पडली काटेकोर. एकाच अळंबीवर नवी जात म्हणून मिरवायचं आणि उद्या कुणी हसलं तर? पुढच्या पावसाळ्यात आणखी मिळू देत, मग सगळं एकदम पाठवू. या शहाणपणाला काय म्हणावं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली तर किंजळ नव्हती आणि ती उभी होती तो उतारही नव्हता. खडीसाठी डोंगराची ती बाजूच कापून नेली होती. आसपासचं रान तिनं पालथं घातलं, हाती काही लागलं नाही. आता घरात कागदी पाकिटात वाळवून ठेवलेली अळंबी तेवढी उरली. सुनंदाचा जीव त्या पाकिटात अडकला. भर पावसात टपालात टाकायला नको, उघडीप पडली की स्वतः पुण्याला नेऊ, म्हणून तिनं ते कपाटात ठेवलं.

कपाटाला ओल आलेली पहिल्यांदा दिसली ती सासूबाईंना, भीमाबाईंना. पाकीट सुनेला किती मोलाचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यात त्यांच्या घरात खात्रीनं कोरडी अशी एकच जागा, आगोटीचा पत्र्याचा डबा. पावसाळ्याची बेगमी म्हणून आधीच करंज्याहून आणलेली सुकट आणि बोंबील त्यात भरलेले असायचे. भीमाबाईंनी पाकीट सुकटीवर ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं. सांगायचं मात्र राहून गेलं.

ऊन पडलं, शोधाशोध झाली, पाकीट निघालं. आत तपकिरी भुगा, आणि त्यात सुकटीतल्या वळवळणाऱ्या अळ्या. सुनंदाला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडणार कुणावर?

"मी त सुकं ऱ्हावं म्हनून ठेवलं गो," भीमाबाई म्हणाल्या. "दुसरी मिलंल ना?"

"मिळेल, आई."

पुण्याहून उत्तर आलं, भुग्यावरून आणि फोटोंवरून काही करता येणार नाही. म्हणजे ती जात होती असं म्हणायचीसुद्धा सोय उरली नाही. सुनंदाला वाटलं, आपणच तिला दुसऱ्यांदा मारलं.

आता पावसात भीमाबाई शेतावर गेल्या की पदरात कसल्या ना कसल्या अळंब्या घेऊन येतात आणि सुनेसमोर ठेवतात.

"बघ, ही हाय का ती?"

नाही, हे सुनंदाला लांबूनच कळलेलं असतं. तरी ती एकेक हातात घेऊन नीट बघते, कारण म्हातारी समोर उभी असते.