मेळघाटात अर्धी राहिलेली गोष्ट

ग्रीस देशी प्राचीन डोरिक बोलीची वंशज अशी त्साकोनियन भाषा मूठभर मेंढपाळांच्या मुखी तग धरून आहे, असे वाचले आणि आम्हा अमरावतीकर संस्कृत-शिक्षकाच्या चित्तात मत्सराग्नी प्रज्वलित झाला. ग्रीस वेतनाच्या आवाक्याबाहेर, मेळघाट एस. टी.च्या आवाक्यात. तिथली निहाली बोली, जिचे कोणत्याच भाषेशी नाते जुळत नाही, अस्तंगत होत असल्याचे कळताच यंदा, सन एकोणीसशे एकसष्टच्या माघात, प्रस्थान ठेवले.

परतवाड्यापर्यंत रस्ता सभ्य आहे. पुढे घाटात प्रवाशाच्या अस्थींची फेरमांडणी होते. भाकरी-ठेचा सोबत न्यावा. धारणीपर्यंत चहाखेरीज काही मिळत नाही.

आम्ही उतरलो त्या पाड्यावर ती बोली जाणणारी एकच वृद्धा उरली होती: सोमाय. बहीण वारल्यापासून ती कोणाशीच त्या बोलीत बोलली नव्हती. आम्ही तिला निहालीत एखादी गोष्ट सांगण्याची गळ घातली.

"गोष्ट सांगीन मास्तर," ती म्हणाली, "पन वाक्यावाक्याले हूं म्हनाव लागते. अन् मधात उठाचं नाई. अर्धी गोष्ट सांगनाऱ्याच्या गळ्यात अडकते. जीव जात नाई मंग."

"अवश्य!" आम्ही उद्गारलो. न कळणाऱ्या वाणीस हुंकार देण्याचा सराव आम्हांस शाळा-तपासनिसांच्या भाषणांनी विपुल दिला होता.

प्रत्येक वाक्यानंतर ती थांबे. हुंकारास विलंब झाला, तर तिचा श्वासही थांबे. छाती निश्चल, डोळे आमच्या ओठांवर. भर दुपारच्या उन्हात अंगावर काटा आला. मध्येच ती आमच्यामागच्या रिकाम्या बाजेकडे पाहून हसली. आम्ही वळून पाहिले नाही. विद्वत्तेलाही मर्यादा असतात.

तोच परतीच्या एस. टी.चा भोंगा वाजला. "चला नं मास्तर!" ड्रायव्हर ओरडला. "हे गेली तं उद्या दुपारीच गाडी. वाघाच्या घरी मुक्काम करता काय?"

आणि आम्ही, घड्याळाचे दास, उठलो.

सोमाय रागावली नाही. "जा बापा. आता तू येईपर्यंत मले मरता येत नाई."

तीन महिने लोटले. परवा त्या मार्गाचा कंडक्टर घरी आला. "बुढीनं अन्न सोडलं, मास्तर. नुसती रस्त्याकडे पाहून राह्यली. सारा पाडा तुमची वाट पाहून राह्यला."

"काहून बसले मंग?" आमच्या सौभाग्यवती कडाडल्या. "म्हातारीले असं ताटकळत ठेवतेत काय?"

रजेच्या अर्जात 'भाषासंशोधन' असे कारण लिहिले आहे. वस्तुतः गोष्ट संपली की सोमाय सुटेल, आणि तिच्यासवे त्या पाड्याची बोलीही. अर्ज दोन दिवस मेजावर आहे. स्वाक्षरी तेवढी राहिली आहे.