सुखवाडीच्या थांब्यावरचे आबा

आबा हात वर करायचे तो कोपरापासून. खांदा हलायचा नाही. तळवा रस्त्याकडे, बोटं जुळलेली, आणि तेही बस कडुलिंबाच्या झाडाशी आली की मगच. "लवकर केला की हात दुखतो, उशिरा केला की गाडी जाती," असं ते आम्हा मुलींना शिकवायचे. त्यांना हे एका डायरेक्टरनं शिकवलं होतं.

तुमच्याही रोजच्या रस्त्यावर असा एखादा माणूस असेल. आपण त्याला रोज पाहतो, आणि तो तिथं का बसतो हे विचारायचं राहून जातं. मी तर त्यांच्याबद्दल लिहायलाही उशीर केला. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

लातूरहून किल्लारीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वस्ती आहे. वीस-बावीस घरं. एसटीचा खरा थांबा तीन किलोमीटरवर, फाट्याला. मी नववीत असताना आमच्याकडे एका टीव्ही मालिकेचं शूटिंग सुरू झालं. त्या लोकांनी रस्त्याकडेला बसथांबा उभा केला. प्लायवूडच्या भिंती, त्यांना दगडासारखा रंग, वर पत्रे, आत सिमेंटचा बाक. पाटीवर लिहिलं 'सुखवाडी'. या नावाचं गाव आमच्या भागात नाही. पण ड्रायव्हरला ते कोण सांगणार? थांबा दिसला, माणसं दिसली, की खऱ्या एसट्या थांबू लागल्या. सीन ऐन रंगात यायचा आणि मधेच कंडक्टर दार उघडून ओरडायचा, "चला, लातूर, लातूर!" शूटिंगवाले कपाळावर हात मारायचे. आम्ही मात्र दप्तरं घेऊन पटकन चढायचो. माझी अकरावी-बारावी त्या खोट्या थांब्यावर झाली.

आमच्याच वस्तीतल्या आबांना मालिकेत काम होतं, ते गाडीची वाट बघण्याचं. तपकिरी मफलर, शेजारी पत्र्याची पेटी, बाकाच्या डाव्या टोकाला बसायचं. गाडी आली की हात करायचा आणि गाडी निघून जायची. वाक्य एकही नाही. आम्ही चिडवायचो, "आबा, हिरो कधी होणार?" तर म्हणायचे, "हिरो बदलत्यात गं. कालच्या सीनला मफलर होता तर आजबी पायजे, हे सांभाळणारा माणूस लागतो. त्याला कंटिन्युटी म्हणत्यात." हा शब्द ते फार जपून उच्चारायचे.

पेटीत काय आहे, म्हणून मी एकदा उघडून पाहिली. आत तीन विटा होत्या. "रिकामी पेटी उचलताना हात खोटा दिसतो," ते गंभीरपणे म्हणाले.

मी बारावी झाले आणि मालिका संपली. ट्रकमधून पत्रे गेले, पाटी गेली. प्लायवूड वस्तीनं वाटून घेतलं. आमच्या शेळ्यांच्या गोठ्याला अजूनही एक दगडी भिंत आहे, हातानं ढकलली तर हलते. बाक तेवढा खरा होता, म्हणून राहिला.

कॉलेज सुरू झालं आणि पहिले तीन दिवस सकाळची बस आमच्यासमोरून निघून गेली. ड्रायव्हर नवीन होता. मोकळ्या रस्त्यावर हात करणाऱ्या चार मुलींसाठी तो कशाला थांबेल? वडील म्हणाले, "फाट्यापस्तोर उसातून पाठवणार न्हाई म्या. थोरलीला तरी कुठं पाठवलं?" ते रागावले नव्हते, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा दहावीनंतर त्या तीन किलोमीटरनंच सुटली होती. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली.

चौथ्या दिवशी बाकावर आबा बसलेले. मफलर, पेटी, डावं टोक. बस कडुलिंबाशी आली, हात वर गेला, आणि बस करकचून थांबली. ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघतच राहिला. "अहो, तुम्ही सिरीयलमधले ना? माझी आई रोज म्हणायची, त्या म्हाताऱ्याला एक दिवस तरी गाडी मिळू द्या रे! या, बसा."

"म्या न्हाई," आबा म्हणाले. "ह्या पोरी चढत्याल."

ड्रायव्हर हसला. त्याच्या आईमुळे म्हणा, आबांमुळे म्हणा, तो दुसऱ्या दिवशीही थांबला. मग रोजच. कंडक्टर चेष्टा करायचा, "काय आबा, आज तरी येणार का?" आबा मान हलवायचे, "आपलं काम थांबायचं." थंडीत, तापात, घरी पाहुणे असताना, ते सातच्या आधी बाकावर असत. मी एकदा म्हटलं, चला, माझं कॉलेज दाखवते. तर म्हणाले, "म्या चढलो तर गाडी थांबवील कोण? तू जा. कंटिन्युटी मोडू नको."

मग एका सकाळी ते चढले. छातीत दुखत होतं, त्यांना लातूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मुलगा त्यांना धरून उभा. बस कडुलिंबाशी आली, पण आबांचा हात अर्ध्यावरच राहिला. मी माझा केला, कोपरापासून. ड्रायव्हर स्वतः खाली उतरला आणि त्यानं त्यांना धरून वर घेतलं. मी पेटी उचलायला गेले.

"ऱ्हाऊ दे ती," आबा दारातून म्हणाले. "जागा धरून ऱ्हाईल."

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच ते बोलले. सहज. परत येणाऱ्या माणसासारखं.

पाचव्या दिवशी ते गेले.

माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातच बसून होते. जावंसं वाटेना. बाकीच्या मुलीही निघाल्या नव्हत्या. आज हात करायला कुणी नाही, बस गेली असेल, असं मनात आलं आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात रस्त्याकडून हॉर्न ऐकू आला. एकदा. मग पुन्हा.

मी दप्तर घेऊन पळाले. बाकावर कुणी नव्हतं. डाव्या टोकाला पेटी होती, आणि तिच्यासमोर दार उघडून बस उभी होती.